डाव्या अंगाला कललेली गाडी

वडीगोद्रीच्या अलीकडं हायवेला माझं पाट्यांचं दुकान आहे. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांना आमच्याकडं पाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. तीस वर्षं झाली, मी हेच करतो. तुटलेला पाटा काढायचा, नवा घालायचा, बसलेला पाटा भट्टीत तापवून घणाखाली परत कमानीत आणायचा. दुसरं मला काही येत नाही. आणि हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला येत नाही, असं मी पूर्वी कुणी न विचारताही सांगायचो.

स्वभाव तापट. बायको म्हणते, ह्यांची भट्टी दुकानात विझते अन् घरी पेटते. गिऱ्हाईक डोक्याशी उभं राहून "मिस्तरी असं करा, तसं करा" म्हणायला लागलं की मी पाना सरळ त्याच्या हातात द्यायचो. घे बाबा, तूच खोल, मी चहा पिऊन येतो. दोन-तीन जणांनी खरंच घेतला पाना. मग बोल्ट काय गंजला असेल तो गंजला असेल, हात सोलून निघाले अन् गुपचूप बाजूला झाले.

गाडी एका अंगाला का कलते हे शोधायला अक्कल कमी अन् धीर जास्त लागतो. माझ्याकडं अक्कल होती. क्रम ठरलेला असतो: आधी टायरची हवा बघायची, कारण दहातल्या तीन गाड्या नुसत्या हवेनं कलतात अन् मालक उगं खर्चाच्या नावानं घाबरलेला असतो. मग दोन्हीकडच्या पाट्यांची उंची मापायची, चाकाच्या मध्यापासून वर चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत. जिकडं कमी भरेल तिकडचा पाटा तुटला असेल नाहीतर बसला असेल. तुटलेला पाटा कधीकधी पट्टीच्या पकडीखाली लपलेला असतो, वरून दिसत नाही. बोट फिरवलं की चीर लागते.

आणि शेवटी ओळंबा. गवंड्याचा असतो तोच. हे मला जालन्याच्या माझ्या उस्तादांनी शिकवलं. काम झालं की गाडीच्या मागच्या फाळक्याला वरच्या कडेला मधोमध ओळंब्याची दोरी बांधायची. फाळक्याच्या खालच्या कडेला मध्यावर खडूची खूण करायची. दोरी खुणेवरून गेली तर गाडी सरळ. उस्ताद म्हणायचे, "आदमी झूट बोलता, डोरी नै बोलती." ओळंबा लावल्याशिवाय मी आजपर्यंत एक गाडी दुकानातून सोडली नाही. लोकांना माझ्या कामापेक्षा त्या ओळंब्यावर जास्त भरोसा होता असं आता वाटतं.

ही गोष्ट घडली त्या वर्षी हायवे रुंद झाला आणि माझं जुनं दुकान रस्त्यात गेलं. मी मागं सरकून, माझ्याच वावराच्या कडेला नवं दुकान टाकलं. पत्र्याचं शेड, खाली सिमेंटचा चांगला जाड कोबा. दिवाळीनंतर काम सुरू केलं अन् उन्हाळ्यात ती गाडी आली.

गाडी अंबडच्या एका मोसंबीच्या व्यापाऱ्याची. ड्रायव्हर कुंभार पिंपळगावचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. अठरा वर्षं एकाच मालकाकडं, दारूला शिवत नाही, बोलणं कमी. गाडीला इतक्या वर्षांत खरचटलेलं नाही ही त्याची ख्याती. बाकीचे ड्रायव्हर त्याची चेष्टा करायचे, की हा गाडी चालवत नाही, लेकरासारखी कडेवर घेऊन जातो. तो हसायचा. त्याच्याकडं मिरवायला तेवढंच होतं, आणि तेही तो मिरवत नव्हता.

"मिस्तरी, गाडी डाव्या अंगाला कलून राह्यली," तो म्हणाला. "चार दिस झाले. मालकाला मीच सांगितलं."

मी हवा बघितली, बराबर होती. मागच्या डाव्या पाट्यांवरून बोट फिरवलं तर दुसऱ्या पाट्याला पकडीखाली चीर. म्हटलं, हे बघ, सापडला चोर. दुपारपर्यंत पाटा बदलला, सेंटर बोल्ट नवा टाकला, दोन्हीकडची उंची मापली. डावी उजवी एकसारखी, केसाचा फरक नाही. तोवर मालक गाडी न्यायला स्वतः आले. समोरच्या चहावाल्याकडचे दोन ड्रायव्हर अन् एक टायरवाला, सगळे येऊन उभे राहिले, कारण ओळंबा बघायला लोकांना आवडायचं.

दोरी सोडली. ओळंबा डुलला, थांबला. खुणेच्या डावीकडं दोन बोटं.

मी परत हवा बघितली. परत पाटे मापले. बुश बघितले, यू-बोल्ट ठोकून बघितले. सगळं जिथल्या तिथं. परत दोरी सोडली, परत दोन बोटं. चार माणसं बघत उभी, मालक घड्याळ बघतायत, वर उन्हानं पत्रा तापलेला. माझं डोकं तापायला तेवढं पुरे होतं.

आता हिशेब सरळ होता. हवा सारखी, पाटे सारखे, तरी गाडी कलते. म्हणजे चॅसीच पिळली. आणि चॅसी उगीच पिळत नाही. गाडी कुठंतरी घातल्याशिवाय, जोरात आदळल्याशिवाय ते होत नाही. पाटा तरी नुसता कसा तुटला? सगळं जुळत होतं. मी हात पुसत मालकाला म्हणालो, "चॅसी पिळलीय. कुठंतरी घातलीय गाडी. ड्रायव्हरला विचारा."

मालकानं त्याच्याकडं बघितलं. अठरा वर्षांत त्यांनी त्याच्याकडं असं कधी बघितलं नसेल.

"न्हाई हो मालक," तो म्हणाला. "घातली असती तर सांगितलं नसतं का? कलली म्हणून बी मीच सांगायला आल्तो ना?"

"मग चॅसी काय भुतानं पिळली?" मी म्हणालो.

तो गाडीच्या भोवती एक चक्कर मारून आला. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मिस्तरी, एक डाव गाडी फिरवून लावू का? तोंड हिकडं करून? जागेचं काही असंल तर..."

हे त्यानं बोलायला नको होतं. म्हणजे बोलला ते शंभर टक्के बरोबर होतं, पण मला तेव्हा ते सहन झालं नाही. नवं दुकान, नवा कोबा, माझ्या हातानं घोटलेला, अन् हा मला जागा वाकडी म्हणून सांगतोय, तेही चार माणसांत. मी ओरडलोच. "नाचता येईना अंगण वाकडं! अरे, तीस वर्षं ओळंबा धरतोय मी. तू मला शिकवणार?"

चहावाल्याकडचे हसले. टायरवाला पण हसला. ड्रायव्हर मागं सरला. तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. वर मोठ्या मनाचा असल्याचा आव आणून मी बोललो, "खोटं बोलतो असं न्हाई म्हणत मी. डुलकी लागली असंल. झोपेत जातं चाक कुठंबी, काय आलं खाली काय न्हाई, ड्रायव्हरला कळत पण न्हाई. दोन सेकंदांचा खेळ असतो."

दोन्ही ड्रायव्हरनी माना हलवल्या. होतं असं, म्हणाले. मालकानं सुस्कारा सोडला. म्हणाले, माल उतरू द्या, मग जालन्याला नेऊन चॅसीचं बघू. ड्रायव्हर डाव्या चाकाकडं बघत उभा होता. मग केबिनमध्ये चढला अन् गाडी घेऊन गेला, नेहमीसारखी, सावकाश. मी हात धुतले, जेवलो. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली होती.

महिना-सव्वा महिन्यानं, मिरगाच्या आधी, एक कोरी गाडी आली. आमच्याकडं नवा ट्रक घेतला की आधी देवाला नेतात अन् मग पाटेवाल्याकडं. कंपनीनं दिलेल्या पाट्यांवर इथल्या मालकाचं समाधान होत नाही, माल जास्त भरायचा असतो, म्हणून एकेक पाटा वाढवून घ्यायचा असतो. गाडीला हार, पुढं नारळाचं पाणी वाळलेलं, लिंबू-मिरची, सीटवरचं प्लास्टिक सुद्धा काढलेलं नाही. अशा गाडीला मी काम करायच्या आधी ओळंबा लावतो, नाहीतर नंतर म्हणतात मिस्तरीनं गाडी वाकडी केली.

दोरी सोडली. डावीकडं दोन बोटं.

मी आधी हसलो. म्हटलं, बघा, कंपनीवाले बी काय माल देतात! मालकाचा चेहरा पडला. मी पाटे मापले, सारखे. हवा सारखी. आणि तिथं, डाव्या चाकाशी उकिडवं बसलेलो असताना, माझ्या ध्यानात आलं. आठ दिवसांच्या गाडीची चॅसी पिळलेली नसते.

"गाडी फिरवून लावा," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं गाडी बाहेर काढली, वळवली, मागचं पुढं करून लावली. मी खडूची खूण केली, दोरी बांधली. ओळंबा थांबला तो खुणेच्या उजवीकडं. दोन बोटं.

तरी मन मानेना. बेअरिंगमधला एक छर्रा घेऊन मी कोब्याच्या मध्यावर ठेवला. तो क्षणभर थांबला, मग निघाला. सावकाश घरंगळत डाव्या भिंतीपर्यंत गेला अन् तिथं टक करून थांबला. अंगण खरंच वाकडं होतं.

कसं, ते समजायला मला दोन मिनिटं पण लागली नाहीत, आणि त्याचाच राग जास्त आला. दुकानाची उजवी बाजू जुन्या रस्त्याच्या मुरमावर होती, डावी वावरात. वावराकडचा खोलगट भाग भरायला मुरूम कमी पडला. ट्रॅक्टरवाला उद्या आणतो, परवा आणतो म्हणत होता अन् मला जल्दी. मी काय केलं, वावरातलीच माती ओढून भरली, पाणी मारून दाबली अन् वर कोबा टाकला. काळी माती! आमच्याकडचं शेंबडं पोरगं सांगेल की काळ्या मातीवर काही उभं करू नये. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वैशाखात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. मी शेतकऱ्याचा मुलगा. त्याच वावरात लहानपणी माझा पाय भेगेत अडकलेला. आणि मीच तिच्यावर ओळंबा धरून बसलो होतो. उन्हाळ्यात माती खाली आकसली अन् अख्खा कोबा एका बाजूनं बसला. जाड होता, म्हणून तडा गेला नाही. तडा गेला असता तर दिसलं तरी असतं.

उस्तादांची दोरी खरं तेच बोलत होती. ती बिचारी, कोबा वाकडा आहे म्हणून सांगत होती. मी ऐकलं ते गाडी वाकडी आहे म्हणून.

त्या उन्हाळ्यात दोरी खुणेवर आणायला मी कितीतरी गाड्यांना डावीकडून जास्त उचलून पाठवलं होतं. जेवढे आठवले तेवढ्यांना फोन केले, बोलावून घेतलं, फुकटात दुरुस्त करून दिलं. लोकांनी शिव्या दिल्या, मी खाल्ल्या. कोबा फोडला, माती काढली, मुरूम भरला. हे सगळं मी झटपट केलं. एकच काम मागं राहिलं होतं अन् ते कोणतं, हे मला चांगलं माहीत होतं.

आधी अंबडच्या मालकाला फोन लावला. म्हणालो, तुमची चॅसी ठीक आहे, माझी जागा वाकडी होती, तुमच्या ड्रायव्हरची काही चूक नव्हती, त्याला काढलं असेल तर परत घ्या.

ते म्हणाले, "गाडी जालन्याला न्यायचं राहूनच गेलं. पण मी कुठं काढलं त्याला? दुसऱ्या दिवशी त्यानंच चावी आणून ठेवली. म्हणला, मालक, आता मला गाडी नको. मी लई समजावलं, म्हटलं जाऊ दे, होतं एखाद्या वेळेस. ऐकलं न्हाई."

मला वाटलं, बरं केलं. चार माणसांत अपमान झाला, मानी माणूस, चावी फेकून निघून गेला. मी असतो तर मीही हेच केलं असतं. त्या विचारानं मला जरा हलकं पण वाटलं. अपमानाचं औषध असतं, माफी मागायची अन् मोकळं व्हायचं. तरी चार दिवस मी गेलो नाही. फोनवर सांगू का, असं बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती, मागं वळून न बघता म्हणाली, "तोंड सगळ्यांसमोर चालवलं ना? मग तोंड घेऊनच जा."

कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी मी मोटारसायकल काढली. एका भुसाराच्या दुकानात तो पोती उचलतो असं कळलं. बाजार गच्च भरलेला, मिरचीचा ठसका, लाउडस्पीकरवर कुणीतरी उंदराचं औषध विकतंय. तो पोत्यांच्या थप्पीशी बसला होता. दीड महिन्यात माणूस एवढा वाळतो हे मी पहिल्यांदा बघितलं. गालफडं बसलेली, डोळे आत. मला बघून उठून उभा राहिला. तेवढं झालेलं असूनही उठला.

"या मिस्तरी. कसे आल्ते?"

मी बसलो नाही. उभ्या उभ्या, येताना पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. कोबा, काळी माती, नवी गाडी, छर्रा. "तू म्हणत होतास तसंच होतं. गाडी फिरवली असती तर तेव्हाच कळलं असतं. चॅसीला काहीच झालेलं न्हाई. माझं चुकलं. चार माणसांत बोललो, चार माणसांत सांगतो, पाहिजे तर आत्ता चल वडीगोद्रीला."

मला वाटलं होतं तो चिडेल. शिवी देईल, नाहीतर आता काय उपयोग म्हणेल. तो एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, "पाटा?"

"पाटा आपोआप तुटतो. जुना होता. रोज तुटतात."

"म्हणजे गाडी कुठंच आदळली न्हाई?"

"न्हाई."

तो पोत्यावर बसला. मग बोलायला लागला तेव्हा माझ्याकडं बघत नव्हता, समोर रस्त्याकडं बघत होता. म्हणाला, "तुम्ही म्हणले ना, ड्रायव्हरला कळत पण न्हाई म्हणून. मी म्हणलं, मिस्तरी म्हणतेत म्हणजे असंल. तुमची दोरी आजवर चुकली न्हाई. मंग मी आठवून बघितलं. मंठ्याच्या पुढं एका पहाटं मला डोळा लागल्यावाणी झाल्तं. खाली थांबून तोंड धुतलं, पुढं गेल्तो. म्हणलं, त्याच्या आधीच काही झालं असंल तर? डावं चाक म्हणजे रस्त्याची कड. कडंनं माणसं चालतेत."

मी त्याच्या शेजारच्या पोत्यावर बसलो.

"चावी ठेवली अन् दुसऱ्या दिशी यष्टीनं मंठ्याला गेल्तो. तिथून पायी निघालो, रस्त्याच्या कडंकडंनं. गावोगाव विचारलं. हाटेलीत, पारावर. म्हणलं, इथं कोणाला गाडीनं उडवलं का, पहाटंचं? लोक म्हणायचे, तू कोण? मी म्हणायचो, पाव्हणा हाय. एका गावात म्हणले, हो, एक म्हातारा गेला. मी तिथंच खाली बसलो. मंग म्हणले, ते मागच्या साली. तीन डाव गेलो मी असा. मागच्या आठवड्यात बी गेल्तो."

लाउडस्पीकर चालूच होता. मला तो बंद करावासा वाटला. मी अपमानाची माफी मागायला आलो होतो, आणि ह्या माणसाला अपमान आठवत पण नव्हता. मी सहज, मोठेपणानं टाकलेलं एक वाक्य त्यानं खरं धरलं, अन् दीड महिना रस्त्याच्या कडेला एक मेलेला माणूस शोधत फिरला.

"मंग कोणी आलं न्हाई ना खाली?" त्यानं विचारलं.

"न्हाई रे बाबा. कोणीच न्हाई."

"बराबर?"

"बिलकुल. माझ्या लेकराची शपथ."

त्यानं मान हलवली. गमज्यानं तोंड पुसलं, खूप वेळ पुसत राहिला. खिशातून फोन काढला, पण त्याची बोटं नीट चालेनात, म्हणून माझ्या हातात देऊन म्हणाला, "घरी लावून द्या." मी लावून दिला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"आगं ऐक," तो म्हणाला. "कोणी मेलं न्हाई. मिस्तरी सोता आलेत सांगायला. आगं रडू नको, ऐक तर. कोणीच मेलं न्हाई."